चेसारिया मावशीचा तिसरा जबाब

आमच्या गल्लीत पोलिसाचा गणवेश शिरला की आधी चेसारिया मावशीचं फळकूट आत जातं, मग मावशी, मग दार लागतं. बाहेर उरते ती वेताची खुर्ची आणि सांडलेलं पीठ. समोरच्या खिडकीतून चाळीस वर्षं मी हेच बघत आलेय.

फळकुटावर असतात पास्त्याचे कान, म्हणजे कानाच्या आकाराचे छोटे तुकडे. रव्याचं घट्ट पीठ मळायचं, दोरीएवढी वळी करायची, सुरीच्या टोकानं तुकडा ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. हे करताना मावशी हातांकडे बघतच नाही, गल्लीकडे बघते. कोण कुणाकडे आलं, किती वेळ बसलं, जाताना तोंड कसं होतं, सगळं तिला पाठ. माल ती दारातच विकते. परवाना नाही. तिच्या आईलाही नव्हता आणि आजीलाही नव्हता. त्यामुळे गणवेशाशी कसं बोलायचं हे ती पाळण्यातच शिकली: माहीत नाही, पाहिलं नाही, इथे कुणी राहत नाही.

मावशीच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते लामारा. जॉर्जियातल्या कुताइसीची, पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. दिवसभर ती एका बहिऱ्या म्हाताऱ्या वकिलाचं सगळं करते आणि संध्याकाळी मावशीशेजारी स्टूल टाकून बसते. सुरुवातीला तिनं वळलेल्या पास्त्याला मावशी ‘डुकराचे कान’ म्हणायची. आता तोच पास्ता आपलाच म्हणून खपवते.

सप्टेंबरात लामाराच्या लेकीचं तिकडे लग्न होतं. पाच वर्षांत मायलेकींची गाठ नव्हती. पण तिचा राहण्याचा परवाना संपत आलेला. तो नवा करून घ्यायचा तर पालिकेत रहिवासाची नोंद हवी. तशीच गेली असती तर लग्न मिळालं असतं, पण परत यायचं दार बंद झालं असतं. म्हणून मे महिन्यात तिनं नोंदीचा अर्ज दिला. अर्ज दिला की पालिकेचा पोलीस न सांगता घरी येतो आणि माणूस खरंच तिथे राहतो का ते बघून जातो. कारकुनानं तिला हे सांगितलं, पण इतकं भरभर की तिला वाटलं, कागदच तपासणार आहेत.

मग एका सकाळी ओनोफ्रिओ आला. पोट पट्ट्याबाहेर आलेलं, गुडघे कुरकुरणारे, शेजारच्याच आळीत वाढलेला माणूस. त्या दिवशी मावशीला फळकूट आत न्यायलाही सवड मिळाली नाही. तिनं त्यावर नुसता पदर टाकावा तसा टेबलावरचा कपडा टाकला.

“मावशी, इथे लामारा नावाची बाई राहते का?”

“कोण?”

“लामारा. जॉर्जियाची.”

“ते कुठेशी आलं?”

“वरच्या खोलीत राहते म्हणे.”

“वर? वर माझ्या मेलेल्या नवऱ्याची मासे धरायची जाळी आहेत. बारा वर्षं कुलूप आहे.”

ओनोफ्रिओनं मान वर केली. “मग दोरीवरचा तो निळा झगा कुणाचा?”

“माझा.”

“मावशी, त्यात तुझ्यासारख्या दोन मावतील.”

“दुःखानं वाळले रे पोरा.”

ओनोफ्रिओनं सगळं लिहून घेतलं आणि मावशीनं खाली झोकात सही ठोकली. जूनमध्ये तो पुन्हा आला. मावशी म्हणाली, आता वर कबुतरं आहेत. त्यानं मलाही विचारलं. मी म्हणाले, मला लांबचं दिसत नाही. आदल्याच दिवशी लामारानं माझ्या चष्म्याची काडी बसवून दिली होती.

जुलैत पालिकेचं पत्र आलं. लामारानं ते मावशीच्या खुर्चीपाशी उभं राहून, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. दोनदा चौकशी केली, सदर व्यक्ती तिथे राहत नसल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं, तिसऱ्या वेळीही तसंच आढळलं तर अर्ज रद्द.

“मावशी,” लामारा हळूच म्हणाली, “तो माझ्यासाठी आला होता. माझ्या कामासाठी.”

मावशीच्या अंगठ्यावरचा कान तिथेच राहिला. “पोलीस? कामासाठी? अगं, सत्तर वर्षांत असं कधी झालं नाही, मला कसं कळणार?” मग आमच्या खिडक्यांकडे बघून ओरडली, “आणि तुम्ही गं भवान्या! एकीला तरी खरं बोलायला काय झालं होतं?”

“तूच शिकवलंस!” तिसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं.

त्या दिवसापासून गल्ली कामाला लागली. पोलिसाला खोली भरल्या घरासारखी दिसायला हवी, असं मावशीनं ठरवलं. मी सपाता दिल्या. कुणी पडदे दिले, कुणी दात घासायचे ब्रश. लामारानं भिंतीवर तिच्याकडचा लाकडी पाटीवर रंगवलेला एक काळसर देव लावला होता, तो मावशीला उगाच परका वाटला. तिनं तो उतरवून पलंगाखाली सरकवला आणि तिथे आमच्या संत निकोलाचं चांगलं मोठं चित्र लावलं. लामारा बिचारी सकाळी सहाला जायची आणि दमून यायची. आल्यावर वाकून पलंगाखालच्या देवाला हात जोडायची.

ऑगस्टमधल्या एका दुपारी ओनोफ्रिओ आला, तर सगळ्या खिडक्यांतून एकदम गलका झाला. “राहते! राहते! इथेच राहते!”

“मी अजून विचारलंच नाही,” तो म्हणाला.

लामारा वकिलाकडे होती. मी तिला फोन लावला. ओनोफ्रिओ जिना चढू लागला आणि अंधारात सातव्या पायरीवर धडपडला. ती पायरी मावशीच्या लग्नाआधीपासून फुटलेली आहे. वरून त्याच्या शिव्या ऐकू आल्या, मग दारं उघडल्या-मिटल्याचे आवाज. उतरताना त्याच पायरीवर पुन्हा शिव्या.

“मावशी, वर सपातांचे चार जोड आहेत, चार मापांचे. पाच ब्रश आहेत. बाईला पाय किती आणि तोंडं किती?”

खिडक्यांतली डोकी आत गेली.

“आणि माझ्याकडे तुझ्या सहीचे दोन कागद आहेत. जाळी आणि कबुतरं. आता मी काय लिहू?”

मावशीनं हात झग्याला पुसले. “लिही. मी खोटं बोलले. दोन्ही वेळा.”

“कारण?”

मावशीनं दाराआडच्या फळकुटाकडे बघितलं, मग वरच्या दोरीकडे. “परवान्याशिवाय पास्ता विकते म्हणून. मला वाटलं, तू त्याच्यासाठी आलास.”

ओनोफ्रिओचं पेन थांबलं. “मावशी, हे मी ऐकलं नाही.”

“मग मोठ्यानं सांगते! रोज विकते! रविवारी दुप्पट! गेल्या शनिवारी तुझी बायको दोन किलो घेऊन गेली, तेही लिही!”

“गप्प बस गं बाई,” तो काकुळतीला आला. “खोटं बोलत होतीस तेच बरं होतं.”

तेवढ्यात फरशीवर चाकं खडखडली. वकिलाला एकटं सोडता येत नाही म्हणून लामारा त्याला चाकांच्या खुर्चीसकट ढकलत आणत होती. तिचा चेहरा लाल झाला होता. म्हातारा हेलकावे खात विचारत होता, “आरोपी कोण? आरोपी कोण?” लामारानं ब्रेक लावला, “माझा देव दाखवते, माझे कागद दाखवते,” म्हणत जिन्यात घुसली आणि धाडधाड चढत गेली. सातव्या पायरीवर तिनं खाली बघितलंसुद्धा नाही, ढांग टाकून सरळ आठवीवर गेली. पलंगाखालचा देव छातीशी धरून उतरली, तेव्हाही तसंच.

ओनोफ्रिओ आपला गुडघा चोळत ते बघत होता. मग त्यानं वेताच्या खुर्चीत बसून कागद मांडीवर घेतला आणि बोलत बोलत लिहिलं, “सदर व्यक्ती इथे राहते. खात्री झाली.”

गल्लीत टाळ्या पडल्या. वकिलानंही वाजवल्या.

“थांबा,” ओनोफ्रिओ म्हणाला. “आधीच्या दोन जबाबांचं काय?” जरा विचार करून त्यानं आणखी एक ओळ लिहिली आणि कागद मावशीपुढे धरला. “वाच आणि सही कर.”

मावशीनं वाचलं. मानेपासून कानापर्यंत लाल झाली. “‘वार्धक्यामुळे स्मरणशक्ती क्षीण’? माझी? मेल्या, तुझ्या बारशाला कोण कोण जेवून गेलं ते सांगू? तुझा बाप कुठल्या खिडकीखाली—”

“मावशी!”

“खोडून टाक ते! मी शुद्धीवर, ठरवून खोटं बोलले!”

“ते लिहिलं तर तुझ्यावर खटला होईल, आणि हिचा कागद पुन्हा वर्षभर फिरेल.”

मावशीनं आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळ्याजणी ऐकत होतो. हे आता तिला जन्मभर ऐकावं लागणार होतं. मग तिनं लामाराकडे बघितलं. लामारा देव कडेवर घेऊन उभी होती.

“पेन दे,” मावशी म्हणाली. खोट्या कागदावरची ही पहिलीच सही तिनं झोकात न ठोकता एकेक अक्षर लावत केली. कागदावर पिठाचा अंगठा उमटला.

लामारा लग्नाला जाऊन आली. येताना मावशीसाठी द्राक्षरसात बुडवून वाळवलेली अक्रोडांची माळ घेऊन आली. आता मावशीची उधारी बुडवायची असली की आम्ही म्हणतो, “अगं, परवाच दिले की! विसरलीस होय?” मग मावशी सुरी उगारते आणि तारीख, वार, त्या दिवशी आमच्या अंगावर काय होतं, सगळं सांगते.