कार्डातलं शेवटचं गाणं

अविनाश गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामठ्याला भाचीच्या साखरपुड्यात पंगतीला बसलो होतो. हातातला घास तसाच ताटात ठेवला... महिना उलटला, पण त्याच्यासाठी अजून मनासारखं रडलोही नाही.

गोंदियाच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून त्याचं मोबाइल दुरुस्तीचं. मेमरी कार्डात गाणी भरून देणं हा त्याचा जोडधंदा. कुणाला भजनं हवीत, कुणाला लग्नातली नाचगाणी. अविनाश मागेल ते भरायचा आणि सगळ्यात शेवटी, न विचारता, आपल्या लाडक्या बँडचं एक गाणं टाकून द्यायचा. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात त्या संगीताला. अकरा मिनिटांचं गाणं, मध्येच ताल बदलणारं, गिटारी गुरगुरणाऱ्या. कुठल्याशा थंड देशातली ती चार पोरं चार अल्बम काढून थांबली. त्यांच्या गावातही त्यांना कुणी विचारलं नसावं. गिऱ्हाइकं भांडायला यायची, "भजनाच्या मागं हे काय भरलं बे?" हा हसून गाणं पुसून द्यायचा.

"काऊन लोकायच्या मागं लागतोस?" मी एकदा चिडून विचारलं.

"एक तरी माणूस येईल न, म्हणेल आणखी दे. आला तं पहिले दुसरा अल्बम द्याचा. पहिल्यात ते शिकून राहिले होते. मंग चौथा. तिसरा शेवटी, तो एकट्यानं ऐकाचा आहे."

बारा वर्षं हे मी चहा पिता पिता अर्ध्या कानानं ऐकलं. तसं कुणी आलं नाही. आणि मी, शेजारी बसून, एकही अल्बम पुरता ऐकला नाही. त्याची आता लाज वाटते.

सामान विकलं जाईपर्यंत वहिनींच्या सांगण्यावरून त्याचं दुकान रोज तासभर मी उघडतो. गेल्या आठवड्यात विड्या वळणाऱ्या एक बाई आल्या. कार्ड काउंटरवर ठेवलं. मी गाणं पुसायच्या तयारीनं कॉम्प्युटर सुरू केला.

"पुसू नका भाऊ. भजन संपलं का झोप येते. मंग ते शेवटचं लागते अन् हात झरझर चालते. त्यायचे आणखी आहेत का? ते दादा कुठं गेले?"

सांगितलं. त्या त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या... मी चारही अल्बम कार्डात भरले.

"कोणता पहिले लावू?" त्यांनी विचारलं.

"दुसरा," मी म्हणालो. "पहिल्यात ते शिकून राहिले होते."