नेव्हिल मंडळींचं मूळ गाव

ऑगस्टातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही ओहायोतल्या डब्लिनहून दक्षिणेला निघालो. डोरोथीबाई गाडी चालवत होत्या, त्यांच्या शेजारी आमचे हे, आणि मागे मी, मांडीवर नारळाच्या वड्यांचा डबा धरून. २००६ सालची गोष्ट. आमची लेक गौरी तिथे नोकरीला, आणि डोरोथीबाई तिच्या शेजारीण. वय अठ्ठ्याहत्तर, राहतात एकट्या, पण गाडी अशी हाकतात की मी सगळा रस्ता देवाचं नाव घेत होते. त्यांचं आडनाव नेव्हिल. त्यांच्या घराण्याचा दर उन्हाळ्यात मेळावा भरतो. तुम्हीही चला म्हणाल्या, आणि त्याला कारण आमच्या ह्यांचा भोचकपणा.

ह्यांना माणूस भेटला की आधी आडनाव हवं, आणि ते कळलं की लगेच, "मूळचे कुठले?" शिकागोच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्यालासुद्धा सोडलं नाही, मी मागून शर्ट ओढला तेव्हा कुठे पुढे सरकलो. त्यात समोरचा आमच्यासारखा नांदगावकर निघाला तर घरी येऊन निकाल लागतो, "ते नांदगावकर वेगळे." जात हा शब्द हे कधी उच्चारत नाहीत. वेगळे म्हटलं की भागतं. पुण्यात आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर नांदगावकर राहायला आले, त्यांना तर काही विचारावंही लागलं नाही. दारावरची निळ्या कोटातली तसबीर पाहून जिन्यातच निकाल लागला.

डोरोथीबाईंना मात्र हा प्रश्न फार आवडला. फ्रान्सच्या समुद्रकाठचा नॉर्मंडी हा त्यांचा मूळ मुलूख. तिथल्या न्यूव्हिल नावाच्या गावावरून नेव्हिल हे आडनाव आलं, आणि न्यूव्हिल म्हणजे नवं गाव. हजारेक वर्षांपूर्वी नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, तेव्हा त्याच्या मागोमाग गेलेल्या मंडळींना लोक गावाच्या नावाने ओळखू लागले. "म्हणजे तुम्ही नवगावकर," हे एकदम खूश. पण त्या नावाची गावं नॉर्मंडीत पुष्कळ आहेत, आपलं नेमकं कुठलं ते सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या तेव्हा ह्यांना आणखीच आपलेपणा वाटला. नांदगावं तरी आपल्याकडे थोडी का आहेत.

गंमत पुढेच होती. काही पिढ्यांनी त्या घराण्यात मुलगाच उरला नाही, एक मुलगी उरली. तिचं लग्न झालं ते हरलेल्या इंग्रजांपैकी एका सरदाराशी. त्यांच्या मुलाने बापाचं सोडून आईचं आडनाव लावलं, कारण वजन त्याच नावाला होतं. इंग्लंडात पुढे गाजलेले नेव्हिल ते त्याचेच वंशज. आपण त्यांच्यातले की नाही देव जाणे, असं म्हणून बाई हसल्या.

कोलंबस मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना नुसता मका आणि सोयाबीन. दोनेक तासांनी जमीन वरखाली व्हायला लागली, झाडी दाटली. बोलण्याच्या नादात बाईंनी वळण चुकवलं आणि गाडी थेट एका शेतकऱ्याच्या अंगणात घातली. तिथलं कुत्रं असं धावून आलं की माझा डबा आडवा झाला. शेवटी पोहोचलो ते ओहायो नदीच्या काठच्या बागेत. पलीकडचा काठ केंटकीचा.

पॉटलक होतं (ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायची पंगत). लोणी लावलेली कणसं, बटाट्याचं थंडगार सॅलड, पीचचं गोड सारण भरून भाजलेला ‘पाय’ नावाचा पदार्थ. बागेतल्या शेडच्या भिंतीवर लांबच्या लांब कागद लावून त्यावर वंशवृक्ष काढला होता. वर नॉर्मंडी, खाली फांद्याच फांद्या, आणि आलेला प्रत्येकजण आपल्या फांदीवर नव्या बाळांची, सुनांची नावं लिहीत होता. माणसं दर वर्षी कमी होत चालली म्हणून यंदा डोरोथीबाईंनी आसपासच्या गावांच्या टेलिफोन डिरेक्टरीतल्या सगळ्या नेव्हिलना आमंत्रणं धाडली होती. त्यातले एकच आले. वॉल्टर नेव्हिल, काळे, उंच, सत्तरी उलटलेले, सिनसिनाटीत बस चालवून रिटायर झालेले. त्या उकाड्यातही टाय लावून आले होते.

सगळे त्यांच्याशी अगदी नीट वागले. हात मिळवला, हवेबद्दल बोलले, कणीस घ्या म्हणाले आणि पांगले. वॉल्टर बराच वेळ पेन घेऊन त्या कागदासमोर उभे राहिले. मग पेन ठेवून टोकाच्या बाकावर जाऊन बसले.

ह्यांनी ते पाहिलं. वड्यांचा डबा उचलला आणि गेले. मी ओळखलं, आता हे काय करणार. मागून चिमटा काढायला धावले, पण उशीर झाला होता.

"नेव्हिल का? मूळचे कुठले तुम्ही?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अमेरिकेतल्या काळ्या माणसाकडे गोऱ्याचं आडनाव कुठून येतं, हे मला कळतं आणि आयुष्यभर पेपर वाचणाऱ्या माणसाला कळू नये? वॉल्टरनी ह्यांच्याकडे नीट पाहून घेतलं.

"आज हे विचारणारे तुम्ही पहिलेच," ते म्हणाले, आणि एक वडी तोंडात टाकून सांगायला लागले. त्यांचे पणजोबा थॉमस नदीपलीकडे एका नेव्हिलच्या शेतावर गुलाम होते. सुटका झाल्यावर आडनाव विचारलं तेव्हा त्यांनी माहीत होतं तेच सांगितलं. पुढेही तिथेच राबले, तिथेच गेले. मुलगा हेन्री नदी ओलांडून ओहायोत आला. बापाला पुरलं त्या टेकडीवरून नदी दिसायची, एवढंच हेन्री आपल्या नातवाला, म्हणजे वॉल्टरना, सांगत.

"ते कुठे पुरलेत तेवढं बघायचंय. त्यासाठी आलो."

डोरोथीबाई येऊन मागे उभ्या होत्या. त्यांचा चुलतभाऊ कानाशी लागला, पण त्याला ऐकू कमी येत असल्यामुळे त्याची कुजबुज सगळ्यांना ऐकू आली. "ते नेव्हिल वेगळे, डोरोथी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे डब्याच्या झाकणाशी चाळा करत होते.

"वेगळे कसे?" बाई म्हणाल्या. "आपल्याला तरी हे नाव कुठे बापाच्या बाजूने मिळालं?" मग वॉल्टरना म्हणाल्या, "ते शेत माझ्या पणजोबांचं. आमच्या दफनभूमीच्या कुंपणाबाहेर काही दगड आहेत. लहानपणी तिकडे खेळू देत नसत. कोणाचे ते मी कधी विचारलं नाही. चला, दाखवते."

निघताना चुलतभावाने त्या पीच-पायचा मोठा तुकडा कागदात गुंडाळून वॉल्टरच्या हातात दिला. माणूस वाईट नव्हता.

पूल ओलांडून आम्ही टेकडी चढलो. शेत आता दुसऱ्याचं; बाईंनी दार वाजवून परवानगी घेतली. कुंपणाच्या आत नेव्हिलांचे कोरीव दगड होते. बाहेर गुडघाभर गवतात शेतातलेच ओबडधोबड धोंडे उभे रोवलेले, एकावरही अक्षर नाही. खाली नदी लख्ख दिसत होती.

थॉमसचा दगड कुठला, ते सांगणारं कोणी नव्हतं. ह्यांनी बूट काढले आणि तसेच कुसळांत उभे राहिले. वॉल्टरनी कारण विचारलं. आमच्याकडे वाडवडिलांसमोर पायात काही घालत नाहीत, हे म्हणाले. तेव्हा वॉल्टरनी झाडाला टेकून आपले चकचकीत बूट काढले. डोरोथीबाईंना वाकवेना, त्यांच्या नाड्या मी सोडल्या.

वॉल्टरनी एकेका दगडावर हात ठेवला, एकही सोडला नाही. मग नदीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "थॉमस नेव्हिल, मी तुमच्या हेन्रीचा नातू." मला रडू आवरलं नाही, आणि मी आवरलंही नाही.

परतीच्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबलो. गल्ल्यावरच्या माणसाला ह्यांनी आडनाव विचारलं नाही, आणि असं आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

दिवाळीच्या आधी आम्ही पुण्याला आलो. अमेरिकेत काय पाहिलं म्हणून लोक विचारतात, मी नायगारा सांगते. सांगावंसं वाटतं ते दुसरंच. आडनाव कोणाला बापाकडून मिळतं, कोणाला मालकाकडून, पण मागचं गाव एकच असतं आणि मातीही तीच.

एकदा वॉचमन दुसऱ्यांचं कुरिअरचं पाकीट चुकून आमच्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, "काका, तिसऱ्या मजल्यावरचे नांदगावकर तुमच्यातलेच का?" ठरलेलं उत्तर ऐकायला मी स्वयंपाकघरात कान देऊन थांबले. हे मात्र पाकीट घेऊन स्वतःच वर गेले. बऱ्याच वेळाने खाली आले आणि खुर्चीत टेकले.

"आपलंच नांदगाव आहे त्यांचं," मला म्हणाले. "ओढ्यापलीकडे, वेशीबाहेर घर होतं. अख्ख्या जगाला विचारत फिरलो, आणि ह्यांना मी कधी विचारलंच नाही गं."