कपारीतला गाळ

कचरूच्या विहिरीवर पोहायला शिकलेला माणूस कुठंही ओळखू यायचा. दुसऱ्याच्या विहिरीवर गेला तरी तो कपडे काढल्याबरोबर उडी टाकत नसे. आधी पायऱ्यांनी खाली उतरायचा, बुडी मारायचा, तळातला मूठभर गाळ वर आणून काठावरच्यांना दाखवायचा आणि मगच वर चढून सूर मारायचा. बाकीचे हसायचे. "आला बघा कचरूचा चेला, मूठ भरून!" या हसणाऱ्यांपैकी दोघांची डोकी पुढं एका उन्हाळ्यात फुटली, तेव्हापासून हसणं जरा कमी झालं.

नगर जिल्ह्यातल्या कर्जतपासून चार मैलांवरच्या वस्तीवर कचरूची ही विहीर होती. योजना सरकारची, पण खोदाई त्याची स्वतःची, कारण विहिरी खोदणं आणि सुरुंग भरणं हाच त्याचा धंदा. ज्या गावात त्याच्या बापाला विहिरीच्या काठाला हात लावू देत नव्हते, त्याच गावातली बागायतदारांची पोरं आता कचरूच्या विहिरीत, कचरूच्या हाताखाली शिकत. छप्पन साली घर बौद्ध झालं तेव्हा कचरू पंधरा वर्षांचा होता. आता बावन्नचा झाला होता आणि अख्खी पंचक्रोशी त्याला वस्ताद म्हणत होती. या एका शब्दावर त्याचा किती जीव होता ते त्याच्या बायकोला, चांगुणाबाईलाच ठाऊक. जेवायला उशीर झाला की ती मुद्दाम हाक मारायची, "वस्ताद, भाकर निवतीय!" आणि हा खरंच खूश होऊन यायचा.

त्याचं शिकवणं मात्र पक्कं होतं. आधी कमरेला भोपळा. भोपळा सुटला की दोरी. मग पायरीवरून साधी उडी, मग गुडघे पोटाशी घेऊन मुटका, मग सूर, मग कोलांटी. एक नीट जमल्याशिवाय दुसरं नाही. नवी उडी पाण्यात मारायच्या आधी भुसकटाच्या ढिगावर शंभरदा मारायची, तीही कमरेला दोरी बांधून आणि दोरीचं दुसरं टोक वस्तादाच्या हातात. सुरात दोन्ही हात डोक्याच्या पुढं, कान दंडात दाबलेले आणि अंगठ्यात अंगठा अडकवलेला. कोपर वाकलं की पाठीत धपाटा. "हात मोडला तर जुळतो. मुंडी न्हाई जुळत," एवढंच त्याचं व्याख्यान.

आणि रोजचा गाळ. "इहीर रोज बदलती," तो म्हणायचा. मोटार चालली की पाणी उतरतं, दरडीतून दगड निसटतात, काल होतं ते आज नसतं. म्हणून तळाला हात लावायचा आणि पुरावा वर आणायचा. तळाचा गाळ काळाभोर असायचा, कुजक्या अंड्याच्या वासाचा. दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत होणं शक्य नव्हतं.

सगळ्यात अवघड उडी म्हणजे उलटा सूर. पाण्याकडं पाठ करून काठावर चवड्यांवर उभं राहायचं आणि मागं झोकून द्यायचं. हात आधी, डोकं मागून. यात पाणी दिसतच नाही. म्हणून या उडीचा नियम वेगळा होता. गाळ वस्तादानं स्वतः आणायचा, उडी मारणाऱ्याच्या तळहातावर ठेवायचा आणि त्यानं तो पाहून वर चढायचं. पाठीमागं काय आहे ते न बघता जायचं असेल, तर कोणाच्या तरी शब्दावर जावं लागतं. तो शब्द वस्तादाचा.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात ही उडी राधाकृष्णानं मागितली. गावातल्या विधवा मुक्ताबाईचा एकुलता एक मुलगा, वीस वर्षांचा, घरची बागायत सांभाळणारा. गावाच्या तोंडी राधाकिसन. चेल्यांमध्ये सगळ्यात शांत आणि सगळ्यात नीट. दोन महिने तो भुसकटावर पडत होता. अंगाला खाज सुटायची, केसांतून काड्या निघायच्या, पण कंटाळला नाही. त्याचा मागं जाणारा कमरेचा बाक बघून कचरूला मनातून वाटायचं, आपण एवढं चांगलं कधीच नव्हतो.

याच सुमारास कचरूची एक गोष्ट बिघडली होती, आणि ती त्यानं कोणालाही सांगितली नव्हती. त्याचा उजवा कान गेला होता. दिवाळीत दुखायला लागला, आणि आता पुरुषभर पाण्याखाली गेलं की कानात कोणी खिळा ठोकतंय असं व्हायचं. चांगुणाबाईला त्यानं मळ साठलाय म्हणून सांगितलं. रोजचा गाळ चेल्यांकडून आणवायचा आणि वर, "तुमालाच सवय व्हाया पायजे," असं म्हणायचा. सरळ सांगता आलं असतं. कान दुखतो, एवढं सांगायला काय लागतं? पण वस्तादाला तळ गाठता येत नाही, हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायची त्याच्यात हिंमत नव्हती. बापाच्या वेळचं सगळं त्या वाक्याच्या मागं उभं असल्यासारखं त्याला वाटायचं. माणूस मोठा भित्रा असतो हो, आणि नको तिथं.

मे महिन्यातल्या एका रविवारी उडी ठरली. राधाकृष्णाचा मामा आसाराम खास केडगावहून आला. चाळीस-पन्नास माणसं काठावर जमली. कचरू नवी चड्डी घालून, मिशीवर हात फिरवत पायऱ्या उतरला. चार दिवसांपूर्वी शेजारच्या विहिरीत सुरुंग उडाले होते, जमीन हादरली होती. सुरुंग भरले होते कचरूनंच. अशा हादऱ्यानंतर आसपासच्या विहिरींची दरड सुटते, हे त्याच्याइतकं तालुक्यात कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे त्या दिवशी तळ बघणं रोजच्यापेक्षा दसपट गरजेचं होतं.

पाणी तीन पुरुष होतं. कचरूनं बुडी मारली. पहिला पुरुष संपता संपता खिळा आत घुसला. त्यानं दात आवळले, आणखी हातभर गेला, आणि डोळ्यांपुढं पांढरं झालं. चाचपडत त्यानं दरड धरली. हात एका कपारीत गेला. कपारीत चिखल होता. त्याची मूठ मिटली.

पुढं कित्येकदा त्यानं स्वतःला समजावलं की मूठ आपोआप मिटली. ते खरं नव्हतं. मूठ त्यानं मिटली होती. वर जायच्या आधी पाण्याखाली दोन-तीन क्षण थांबलाही होता, तळापर्यंत जाऊन यायला लागतो तेवढा वेळ भरावा म्हणून.

मूठ वर करून तो बाहेर आला तेव्हा काठावर शिट्ट्या वाजल्या. त्यानं राधाकृष्णाच्या तळहातावर गाळ ठेवला. तांबूस गाळ, त्यात शेवाळाची एक तार. राधाकृष्णानं तळहाताकडं पाहिलं. मग कचरूकडं पाहिलं.

"बगतो काय? चढ," कचरू म्हणाला.

राधाकृष्ण चढला. पाठ केली, चवड्यांवर आला, हात वर नेले. काठावर अगदी सामसूम झाली. उडी अशी सुंदर गेली की पाणी उडालंच नाही. आणि पाण्याखालून एक आवाज आला, बुजलेला, लाकूड मोडल्यासारखा.

दरडीचा एक मोठा दगड अर्धवट सुटून पाण्याखाली दीड पुरुषावर पुढं आला होता. कचरूनं अंगावरच्या पाण्यासकट उडी घेतली. त्या वेळी कान दुखला की नाही हे त्याला आठवत नाही. त्यानं पोराला वर काढलं, टेम्पोत घातलं, नगरच्या दवाखान्यापर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसला. दोन्ही मनगटं मोडली होती, एक खांदा निखळला होता. डॉक्टर म्हणाले, हात असे पुढं अडकवलेले नसते तर डोकंच आपटलं असतं. कोणी शिकवलं याला? आसाराम मामानं कचरूकडं बोट दाखवलं. डॉक्टरांनी मान डोलावली.

इथून कचरूची खरी फजिती सुरू झाली. शिव्या पडल्या असत्या तर त्यानं त्या खाल्ल्या असत्या. पण गावानं त्याला डोक्यावर घेतलं. वस्तादानं जीव वाचवला. वस्तादाच्या शिकवणीनं मुंडी वाचली. पोरगंच वाकडं गेलं असंल. आणि राधाकृष्णही दवाखान्यातून घरी आल्यावर विचारणाऱ्याला हेच सांगायचा, "माजंच चुकलं."

आठव्या दिवशी मुक्ताबाईनं कचरूला घरी बोलावलं. ओसरीवर खुर्ची मांडली, आठ-दहा माणसं जमवली आणि दिराच्या हातून त्याला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. लग्नात व्याह्याला देतात तसा मान. "कचरूभाऊ, माजं पोरगं तुमच्यामुळं दिसतंय," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. कचरूनं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात कोणीतरी टोपी त्याच्या डोक्यावर चढवली आणि टाळ्या वाजल्या. त्यानं तोंड मिटलं. चहा प्यायला. घरी आला.

चांगुणाबाईनं टोपी खुंटीला अडकवली आणि आल्यागेल्याला दाखवायला सुरुवात केली. कचरू त्या भिंतीकडं पाठ करून जेवायला लागला. विहिरीवर जाईना. पोरं बोलवायला आली की, "ऊन लई हाय," म्हणायचा. शेवटी एका सकाळी चांगुणाबाई समोर बसली.

"काय झालंय ते सांगा. कान दुकतोय ते मला म्हाईत हाय. त्याच्या पल्याड काय?"

त्यानं सांगितलं. सगळं, कपारीसकट.  ती उठली, खुंटीवरची टोपी काढली, टॉवेलात गुंडाळली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"ही आपली न्हाई," ती म्हणाली.

तो भरदुपारी गेला. राधाकृष्ण बाजेवर भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पलिस्तरात. मुक्ताबाई त्याला दूध-भाकर भरवत होती. वीस वर्षांचा मिशी फुटलेला गडी आईच्या हातून घास घेत होता. बाहेरचं माणूस आलेलं बघून त्यानं शरमून तोंड फिरवलं. कचरूला वाटलं, असंच मागं फिरावं. पण चांगुणाबाई घरी बसली होती, आणि तिच्यासमोर ते गाठोडं परत घेऊन जाणं त्याहून अवघड होतं.

"वैनी," तो उभ्याउभ्याच म्हणाला, "मी तळाला गेल्तोच न्हाई. कान दुकला म्हनून अर्ध्यातनं फिरलो. कपारीतला गाळ आनून दावला. समद्यांनी माज्यावर हसू नये म्हनून. ही टोपी माजी न्हाई." त्यानं टॉवेल बाजेच्या कडेला ठेवला.

मुक्ताबाईचा हात घासासकट तसाच राहिला. बोलला तो राधाकृष्ण, मान खाली घालून.

"मला ठावं हुतं, वस्ताद. हातावर ठिवला तवाच कळलं. तळाचा गाळ तांबडा नसतोय."

कचरूला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा तो जमिनीवर बसला.

"आन तरी उडी टाकलीस?"

"मामा हुता, समदं गाव हुतं. त्येंच्यासमोर तुमाला खोटं पाडू? मला वाटलं, न्हाई काय हुनार."

आजवर कचरूला वाटत होतं की आपण त्याला फसवलं. आता कळलं की फसलं कोणीच नव्हतं. आपली इज्जत राखायला या पोरानं उघड्या डोळ्यांनी स्वतःला मागं झोकून दिलं होतं, आणि आपण त्या वेळी मिशीवरचं पाणी पुसत होतो. त्याला इतकी लाज वाटली की अंगावरचा सदराही नकोसा झाला.

मुक्ताबाईनं ताटली खाली ठेवली.

"म्हंजी तुमी दोगांनी मिळून माज्या पोराचं हात मोडलं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ह्यो तुमाला बोलला न्हाई, तुमी ह्याला बोलला न्हाईत. आन पंधरा दिस झालं, भरवतीय मी."



ती उठली. रांजणातलं पाणी तांब्यात घेतलं आणि कचरूसमोर धरलं.

"हात धुवा."

त्यानं ओंजळ पुढं केली. तिनं वरून पाणी घातलं. मग ताटली उचलून त्याच्या हातात दिली.

"पलिस्तर निघंस्तवर रोज दुपारी यायचं. मला रानात लई कामं पडल्यात." एवढं बोलून ती विळा घेऊन निघून गेली.

कचरू ताटली घेऊन बाजेवर बसला. या घरच्या ताटात त्याच्या बापाच्या सात पिढ्यांचा हात गेला नव्हता. त्यानं भाकर दुधात कुस्करली, घास केला.  राधाकृष्णानं तोंड उघडलं, तेव्हा त्याच्याकडं बघणं कचरूला जमेना.

"वस्ताद, घास जरा ल्हान करा," राधाकृष्ण म्हणाला.

कचरूनं घास लहान केला.