स्टँडपासून फाटकापर्यंत

तासाभरावरच्या कळंब गावाहून एसटीनं येणारी ती बाई लेकीला बारामतीत आमच्या कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायची आणि परतीची गाडी धरायची. तिची रोज अर्ध्या दिवसाची खुरपणी बुडायची. रस्त्याच्या बाजूनं ती, आतल्या बाजूनं लेक. चालताना कोपर असं बाहेर काढलेलं, की मोटरसायकलवरच्या टोळक्याला पोरीजवळ यायला जागाच राहू नये. त्या टोळक्याची तक्रार तिनं प्राचार्यांकडं केली होती. "फाटकाबाहेरचं आमच्याकडं येत नाही," असं उत्तर मिळालं.

मग मुलींची दोन दिवसांची सहल ठरली आणि कॉलेजला एकदम काळजी वाटू लागली. विमा, डॉक्टरचा दाखला, सोबत दोन शिक्षिका, प्रत्येक ठिकाणी उतरताना-चढताना हजेरी. नोंदणीचं काम माझ्याकडं होतं. पालकांनी समक्ष येऊन सही करायची, म्हणून ती माझ्या टेबलापाशी आली. मी सगळे नियम वाचून दाखवले. तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"म्याडम, पोरींची एवढी राखण करनार व्हय तुमी?"

"करावीच लागते. नियमच आहे तसा."

"मग ष्टँडपास्नं फाटकापतुर रोजच सहल काढा की."

मी सहीची जागा दाखवली. तिनं सही केली.

सहल सुखरूप परतली. प्राचार्यांनी सभेत टाळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरवरून फाटकात शिरत होते, तेव्हा ती लेकीला आत सोडून स्टँडकडं निघाली होती. शेजारी कुणीच नव्हतं. तरी कोपर बाहेरच होतं.