डेव्हास्टेटेड किचन

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी जे केलं त्याला आमच्या घरी मूर्खपणा म्हणतात. मी अजूनही म्हणत नाही.

हिंदी मुलखात, रांझीत आमचं सरकारी क्वार्टर आहे. मी तोफगोळ्यांच्या सरकारी फॅक्टरीच्या ऑफिसात हेडक्लार्क. आमच्या स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे पडून राहिले होते. एक दिवस एक पोपडा थेट वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात पडला. तेव्हापासून माझी बायको सुनंदा डोक्याला टॉवेल गुंडाळून पोळ्या लाटायला लागली.

मी तीन अर्ज दिले. छत 'डॅमेज' झालं आहे, कृपया दुरुस्ती व्हावी. एकाचंही उत्तर आलं नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, जिथे सकाळ-संध्याकाळ तोफगोळ्यांच्या गोष्टी चालतात, तिथे डॅमेजला कोण विचारतो?

मी डिक्शनरी काढून बसलो. 'डिस्ट्रॉय' बरा, पण शाळकरी. 'रुइन' म्हटलं की जुना किल्ला डोळ्यांसमोर येतो. 'ॲनिहिलेट'मध्ये मागे काहीच शिल्लक राहत नाही, आणि आमची शेगडी तर शाबूत होती. खोटं मी लिहीत नाही. शेवटी सापडला 'डेव्हास्टेट'. काय वजनदार शब्द आहे! लिहून टाकलं, 'अवर किचन स्टँड्स डेव्हास्टेटेड', आणि सुनंदाला मोठ्याने वाचून दाखवलं.

"म्हणजे काय जी?"

"उद्ध्वस्त."

"पोपडाच तर पडला. उद्ध्वस्त काहून लिहून राहिले?"

"तू पोळ्या कर."

हा चौथा अर्ज दिला आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला. इमारतींचे इंजिनिअर, म्हणजे आमचे जेई साहेब, उद्या स्वतः पाहायला येणार. मी अख्ख्या लाइनीत सांगत फिरलो. शेजारचे तिवारीजी मात्र म्हणाले, "सोच लो भैया. झूठी शिकायत निकली, तो क्वार्टर गया समझो."

मी हसलो. रात्री झोप लागली नाही, ते वेगळं. बारा वर्षांचं बिऱ्हाड होतं हो आमचं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांना घेऊन मी ऑफिसातून घरी आलो. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि वर पाहिलं. छत चकचकीत! सुनंदाने मी ऑफिसला गेल्यागेल्या कोपऱ्यावरचा पेंटर बोलावून भोकात पुट्टी भरून घेतली होती, वर चुन्याचा हात मारून घेतला होता. ओट्यावर पोह्यांच्या बशा मांडून ठेवल्या होत्या.

"हे काय केलंस?" मी दात-ओठ खात विचारलं.

"साहेब लोक घरी येऊन राहिले. घाण दाखवायची का त्यांना?"

जेई साहेबांनी छत पाहिलं. अर्ज पाहिला. परत छत पाहिलं.

"भाई साहब, डेवास्टेटेड किचन कौन-सा वाला है?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? माफी मागायची? मी? मी जाळे काढायचा लांब झाडू उलटा धरला आणि म्हणालो, "सर, ऊपर से दिखता नहीं. अंदर सब खोखला है."

दांड्याने ठोसा मारला. काही झालं नाही. दुसरा मारला. पेंटर हुशार निघाला होता. तिसरा मात्र मी बारा वर्षांची नोकरी पणाला लावून मारला, आणि अर्धं छत खाली आलं. पोह्यांवर, शेगडीवर, माझ्यावर. जेई साहेब उडी मारून दारात गेले म्हणून वाचले.

"अब देखिए," मी तोंडातला चुना थुंकत म्हणालो.

माणूस भला होता बरं का. त्यांनी बाही झटकली, फॉर्म काढला आणि म्हणाले, "चलो, मैं थोड़ा-सा डैमेज लिख देता हूँ. पुरानी बिल्डिंग है. हफ्ते भर में ऑफिस से मरम्मत हो जाएगी."

"हाँ भैया, वही लिख दो," सुनंदाने हात जोडले.

झालं, विषय इथेच संपत होता. क्वार्टर वाचलं होतं, छत फुकटात मिळत होतं. पण डॅमेज? मी गळ्यापर्यंत पांढरा झालेलो, ओट्यावर ढिगारा, आणि हा माणूस म्हणतो थोडं डॅमेज?

"सर, शब्द गलत है. डेवास्टेटेड लिखिए."

"अहो, गप बसा न जी," सुनंदा कुजबुजली.

साहेब म्हणाले, "देखिए, वो लिखूँगा तो कारण भी लिखना पड़ेगा."

"तो लिखिए कारण. मैं किसी से डरता हूँ क्या?"

त्यांनी माझ्या हातातल्या दांड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग 'डॅमेज' खोडलं आणि सावकाश लिहिलं, 'किचन सीलिंग डेव्हास्टेटेड बाय द ऑक्युपंट.' खाली शेरा मारला, दुरुस्ती राहणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने करावी. फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

मी चष्म्यावरचा चुना पुसला आणि दोनदा वाचलं. इंग्रजीत एकही चूक सापडली नाही.

मी सही केली.