लग्नाच्या पुढचं पान

अर्धी वाट सरली तरी मावशीचं जावयाच्या नावानं बोटं मोडणं सरलं नव्हतं. गाद्या शिवून तिचे गुडघे धरलेले, पण रागाला पायी चालवलं की तो दमतो, असा तिचा अनुभव. म्हणून ती जावयाच्या घरी चालत निघाली होती, सोबतीला भाची.

मुलीला मूल होत नव्हतं आणि जावई दुसरी बायको करायचं म्हणत होता. वर बायबलचा दाखला: अब्राहामानं केली, याकोबानं केल्या, शलमोनाच्या बायकांची तर गणतीच नाही.

"तसं लिहिलंय खरं," भाची चाचरत म्हणाली.

"लिहिलंय ना. पण ह्यानं लग्नापर्यंत वाचलं आणि पुस्तक मिटलं. पुढं अब्राहामाच्या घरात केवढं महाभारत झालं? याकोबाच्या बायका जन्मभर एकमेकींवर जळल्या. शलमोनाला तर बायकांनी देवापासून तोडलं. घडलं ते देवानं लिहवून घेतलं, तसं कर म्हणून नाही. सुरुवातीला एक आदाम, एक हव्वा. येशूनंही तिथंच बोट ठेवलं, दोघं एक होतील म्हणाला. तिघं नाही."

"आणि तुझ्यातल्या गादीवालीचं काय म्हणणं?" भाचीनं विचारलं.

"दोघांच्या गादीवर तिसरं माणूस आलं की शिवण उसवते."

जावयाचं दार दिसताच मावशी थांबली. पिशवीतलं बायबल तिनं भाचीच्या हातात दिलं.

"पुढचं तू वाच, बाई. सावकाश वाच. मी वाचलं तर माझा आवाज चढेल, आणि त्याला वाटेल देव नाही, सासूच बोलतेय."