बटणांना मूठमाती

व्हिडिओ गेमवरच्या एका मासिकात ‘पुढे काय?’ हे पान ज्या बाई लिहीत, त्यांना सगळे अंदाजताई म्हणत. कुठली कंपनी कुठला कन्सोल कधी आणणार, कोण कोणाला धूळ चारणार, याचे तर्क बांधणं हेच त्यांचं काम. अंदाज चुकला तर पुढच्या अंकात सरळ लिहीत, ‘मागच्या महिन्यात तोंडावर आपटले.’ बरोबर आला तर, ‘बोलाफुलाला गाठ पडली.’ त्यामुळे त्यांच्यावर कोणी फारसं चिडत नसे.

चिडायचे ते वाचक, तेही एकमेकांवर. तीन कंपन्यांचे तीन कन्सोल, आणि ज्याच्या घरी जो, तोच जगात भारी. ताईंच्या घरीही तीच तऱ्हा. नवरा एका कंपनीचा, दीर दुसरीचा. जेवताना दोघं असे भांडत, जणू त्या कंपन्यांचे जावईच.

अशात तिसऱ्या कंपनीने हलवून खेळायचा कंट्रोलर आणला. बटणं दाबायची नाहीत. हात फिरवला की पडद्यावर बॅट फिरते. आधी सगळे हसले. मग दुकानांपुढे रांगा लागल्या आणि हसणाऱ्यांचे दात घशात गेले. ताईंनी ठोकून दिलं, की उरलेल्या दोघीही असलेच कंट्रोलर आणतील आणि बटणांचा जमाना संपेल. संपादकांनी वर मथळा चढवला, ‘बटणांना मूठमाती’. अंक हातोहात खपला.

काही दिवसांनी शिवणकाम करणाऱ्या एक वयस्क बाई जिना चढून कार्यालयात आल्या. त्यांचे दोन्ही खांदे आखडलेले होते. पिशवीतला अंक त्यांनी टेबलावर ठेवला.

“हे तुम्हीच लिहिलंय?”

“हो. बसा ना.”

“बसतेच. मला गाड्यांच्या शर्यतीचा नाद आहे. बहीण लांब राहते, पण रोज संध्याकाळी आम्ही दोघी इंटरनेटवरून खेळतो. माझे खांदे गेलेत, बोटं शाबूत आहेत. बटणंच गेली तर?”

“अहो, तो नुसता अंदाज आहे.”

“तुमचा अंदाज, पण ते वाचून बहीण नवा कन्सोल घ्यायला निघालीय! ती तिकडे हात हलवणार आणि मी इकडे हात चोळत बसणार?”

ताईंनी चहा मागवला. बाईंनी कप उचलला नाही. मान खाली नेऊन घोट घेतला. ताई ते बघत राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी खपाचे आकडे चघळले होते, पण खेळणाऱ्याचा हात कुठवर उचलतो हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

लवकरच दुसऱ्या कंपनीने आपला हलता कंट्रोलर दाखवायला पत्रकारांना बोलावलं. ताईंनी विचारलं, “ज्याचा हात वर जात नाही, त्याने काय खेळायचं?”

“फार छान प्रश्न आहे,” कंपनीचे साहेब हसून म्हणाले आणि दुसऱ्या पत्रकाराकडे वळले.

ताईंनी प्रश्न आणि ते उत्तर जसंच्या तसं छापलं. त्यानंतर नवा खेळ बसल्या बसल्या, हात न उचलता खेळता येतो का, हे त्या आधी सांगू लागल्या. संपादक वैतागले. “ताई, लोकांना भाकीत हवंय, गाऱ्हाणं नकोय.” पान अर्धं झालं, मग जाहिरातींच्या बेचक्यात गेलं.

“वहिनी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?” दिराने एकदा छेडलं.

“खुर्चीच्या,” ताई म्हणाल्या.

पुढे उरलेल्या कंपनीनेही तसाच कंट्रोलर आणला. पण तोवर लोकांचे हात दुखायला लागले होते. हलते कंट्रोलर कपाटात गेले, बटणं परत आली. शिवणकामवाल्या बाईंचा फोन आला. बहिणीने नवा कन्सोल घेतलाच होता, पण संध्याकाळी जुनाच लावत होती. इकडे वाचकांची पत्रं आली, की ताईंनी हे आधीच ओळखलं होतं. ताईंनी उत्तर छापलं, ‘मी नेमकं उलटं लिहिलं होतं. जुना अंक काढून बघा.’

मासिक बंद पडल्यावर त्या खेळ तपासायच्या नोकरीला लागल्या. तिथे त्यांना अंदाज कोणी विचारत नाही. घरी मात्र नवऱ्याशी आणि दिराशी त्या अजून पैजा लावतात, आणि बहुतेकदा हरतात.